पांढरा कोळसा आणि मुळशीचे मावळे

अंधेरीतील ज्या महाविद्यालयात आम्ही दोघे मराठी शिकवतो, तेथील आंतरवर्गीय वादस्पर्धेसाठी आम्हांला गेल्या वर्षी परीक्षक म्हणून बसावे लागले. विषय वाङ्मयीन नव्हता. 'जागतिक कर्बउत्सर्जनात ज्याचा वाटा अल्प आहे अशा देशाने अक्षय ऊर्जेकडे वळण्यात पुढाकार घ्यावा काय?' असा काहीसा लांबलचक विषय होता. अनुकूल बाजूची मुले हिमनग, ध्रुवीय अस्वले आणि पुढच्या पिढ्या यांविषयी कळकळीने बोलली. प्रतिकूल बाजूच्या एका विद्यार्थिनीने मात्र आकडे आणले होते. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू, अमेरिकन माणसामागे चौदा टनांच्या आसपास; औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत सोडल्या गेलेल्या एकूण कर्बवायूत भारताचा हिस्सा चार टक्क्यांच्या आत. ज्यांनी घाण केली त्यांनी आधी झाडू हाती घ्यावा, असे ती म्हणाली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही पहिले पारितोषिक तिलाच दिले, आणि ते आनंदाने दिले, कारण आमचेही मत तेच होते.

स्टेशनकडे चालत जाताना आमच्यापैकी एकाच्या लक्षात आले, की त्या दीड तासात सभागृहातले पंखे, दिवे आणि ध्वनिक्षेपक ज्या विजेवर चालले होते ती कोठून आली, हे एकाही वक्त्याने विचारले नाही. परीक्षकांनीही विचारले नाही. सेनापती बापटांचे चरित्र आम्हांला ठाऊक आहे. मुळशीचा सत्याग्रह आम्ही वर्गात एका वाक्यात सांगतोही. पण त्या सत्याग्रहाचा या वादविषयाशी काही संबंध असू शकतो, हे आमच्या डोक्यात कधी आले नव्हते. वास्तविक या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच परिसरात शंभर वर्षांपूर्वी प्रत्यक्ष कृतीने देऊन झाले आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून अंधेरीच्या दिव्यापर्यंत ते पसरलेले आहे. ते उत्तर नीट पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मुंबईच्या गिरण्या वाफेवर वाढल्या. कावसजी दावर यांच्या गिरणीपासून, म्हणजे १८५०च्या दशकापासून, पुढची साठ वर्षे मुंबईचे कापड कोळशावर विणले जात होते. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. तो बंगाल-बिहारच्या खाणींतून रेल्वेने वा जहाजाने यायचा, कधी थेट विलायतेहून यायचा. वाघिणी कमी पडल्या, जहाजभाडे वाढले किंवा तिकडे खाणीत संप झाला, की इकडे गिरणीमालकाच्या कपाळावर आठ्या पडत. शिवाय धूर होताच. गिरणगावावर त्याचे असे छत धरलेले असे, की अखेर सरकारला १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला. प्रदूषणविषयक कायदे ही आपण अलीकडची गोष्ट समजतो. मुंबईच्या धुराचा कायदा प्लासीच्या नव्हे तरी पहिल्या महायुद्धाच्या आधीचा आहे.

या कोळशाला पर्याय सह्याद्रीच्या माथ्यावर होता. लोणावळ्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून कोकण सरळ खाली, सुमारे पाचशे मीटर. घाटमाथ्यावर पाणी अडवावे, ते नळांतून कड्याखाली सोडावे, आणि पायथ्याशी खोपोलीला त्याच्या जोरावर चक्रे फिरवावीत, अशी ही कल्पना. डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईच्या अभियंत्याने ती मांडली आणि जमशेटजी टाटांनी उचलून धरली. जमशेटजी १९०४ साली वारले. त्यांच्या मागे १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, १९११च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला पायाभरणी झाली, आणि १९१५च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. पुढे आंध्रा नदीच्या खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे केंद्र १९२२ साली, आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र १९२७ साली सुरू झाले. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या साऱ्या भीमेच्या खोऱ्यातल्या, पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या. त्यांचे पाणी वळवून पश्चिमेला कोकणात पाडायचे, अशी ही रचना होती. ज्या पाण्याने पंढरपूरकडे जायचे ते पाताळगंगेत आणि कुंडलिकेत जाऊ लागले. सोलापूरकडच्या शेतकऱ्यांची त्याबद्दलची तक्रार अजून मिटलेली नाही.

पाण्यापासून मिळणाऱ्या या शक्तीला त्या काळी जगभर 'पांढरा कोळसा' म्हणत. शब्द मूळचा फ्रेंचांचा, आल्प्सच्या बर्फावरून सुचलेला. आमच्या सह्याद्रीवर बर्फ नाही, तरी पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे पाणी पाहिले की तो शब्द इकडेही शोभतो. त्या शब्दात लपलेली सूचना मात्र आम्हांला पुढे महत्त्वाची वाटू लागली. कोळसा म्हटला की तो कोणाच्या तरी जमिनीखालून काढावा लागतो. पांढरा असला म्हणून त्यातून सुटका नसते.

आता वादस्पर्धेतल्या प्रश्नाच्या शब्दांत हे मांडून पाहू. १९१५ साली भारताचे कर्बउत्सर्जन ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिका यांच्या तुलनेत नगण्य होते. देश तर स्वतःचाही नव्हता. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापेल असे गणित स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८९६ सालीच मांडलेले होते, पण त्याची चिंता जगात कोणीच करीत नव्हते. खुद्द त्यालाही थोडी ऊब वाढली तर बरेच वाटले असते. अशा वेळी या अल्पउत्सर्जक देशातले सर्वांत मोठे उद्योगनगर कोळसा सोडून पाण्याकडे वळले. त्यामागे पर्यावरणाचे प्रेम नव्हते, नैतिक कर्तव्य नव्हते, जगाला धडा घालून देण्याची आकांक्षाही नव्हती. होती ती जमाखर्चाची वही. विजेचा दर कोळशापेक्षा परवडला, पुरवठा बेभरवशाच्या वाघिणींवर अवलंबून राहिला नाही, आणि स्वदेशी भांडवलाला गुंतवणुकीसाठी एक प्रतिष्ठेचे क्षेत्र मिळाले. 'पुढाकार' हा शब्द आपण जणू त्यागाचा समानार्थी म्हणून वापरतो. इतिहासात तो बहुधा हिशेबाचा समानार्थी असतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. हिशेबात कोणाचा खर्च धरला नाही, हे मात्र तपासावे लागते.

थोडे विषयांतर. विजेचा दिवा गिरणीत आला तेव्हा गिरणीकामगाराचे काय झाले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पूर्वी सूर्य मावळला की गिरणी थांबे. दिवे लागल्यावर मालकांनी १९०५च्या सुमारास काम दिवसाला चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणले. त्यावर कामगारांत असंतोष उसळला, चौकशी समित्या नेमल्या गेल्या, आणि १९११च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. ती वीज खोपोलीची नव्हे, गिरण्यांतच कोळसा जाळून केलेली होती. पण उजेड जात्याच मंगल असतो, या आमच्या काव्यात्म समजुतीला धक्का द्यायला एवढे पुरे आहे. असो.

मुळशीकडे वळू. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याची योजना ठरली, तेव्हा त्या खोऱ्यातली पन्नासाहून अधिक गावे बाधित होणार होती. हे मावळ खोरे. उत्तम भाताची जमीन, आणि तिच्यावर पिढ्यान् पिढ्या राबणारे मावळे. १८९४चा भूसंपादन कायदा हाताशी होता, आणि एका खाजगी कंपनीसाठी सरकारने तो वापरला. 'सार्वजनिक हित' या शब्दप्रयोगाखाली मुंबईच्या गिरण्या, मुंबईची रेल्वे आणि मुंबईचे दिवे हे सारे बसले. मावळच्या भाताला त्यात जागा मिळाली नाही.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने मिळवून दिली. एडिंबरोला शिकलेला आणि पॅरिसमध्ये बाँबची विद्या हस्तगत केलेला हा पारनेरचा मनुष्य गांधीमार्गाने एका धरणाच्या कामावर जाऊन बसला, ही घटनाच विलक्षण होती. गांधींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त मुळशीवर लिहिले आणि टाटांना विनंती केली. एका गरिबाच्या जरी मनाविरुद्ध ही योजना लादली जाणार असेल तर तिच्यापासून देशाला होणाऱ्या लाभाची किंमत काय, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा सत्याग्रह झाला. लोक तुरुंगात गेले. त्यांत स्त्रियाही होत्या.

हा लढा हरला. कशामुळे हरला, हे राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात सविस्तर दाखवले आहे, आणि आमच्या दृष्टीने या साऱ्या कथेतला तोच भाग सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. मुळशी खोऱ्यातल्या जमिनीचा मोठा हिस्सा कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे झालेला होता. कसणारा मावळा, मालक सावकार. कंपनीने मोबदल्याची बोली वाढवली तशी मालकांची भाषा 'जमीन देणार नाही' वरून 'किती देता' इथवर आली. पुण्याच्या पुढाऱ्यांपैकी अनेकांना वाटाघाटीच शहाणपणाच्या वाटू लागल्या. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला पैसे मिळाले. ज्याच्या हाताला तिचा चिखल लागलेला होता त्याच्या वाट्याला विस्थापन आले. १९२४ पर्यंत चळवळ विझत गेली. त्या वर्षाच्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांनिशी धरणाच्या कामाची गाडी शस्त्रे घेऊन अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. ते तुरुंगात असतानाच भिऱ्याची चक्रे फिरू लागली.

त्याच सुमारास इकडे अंधेरीत काय चालले होते? १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला होता. साष्टी बेटावरच्या भातखाचरांतून, ताडाच्या वाड्यांतून हळूहळू बंगले आणि चाळी उठत होत्या. १९२८च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे जुन्या अंधेरीकरांच्या तोंडची 'बीएसईएस', स्थापन झाली आणि टाटांकडून वीज घेऊन ती उपनगरांत पुरवू लागली. त्या काळी टाटांची वीज म्हणजे मुख्यतः घाटावरच्या पाण्याची वीज. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, अंधेरीतला अंधार दूर झाला तो भीमेच्या खोऱ्यातून वळवलेल्या पाण्याने. त्यात मुळशीच्या बुडालेल्या खाचरांवर साठलेले पाणीही होते. आज ज्याला आपण कर्बमुक्त वीज म्हणू ती अंधेरीकरांना सुरुवातीलाच, न मागता, मिळालेली होती. तिची किंमत देणाऱ्या मावळ्याने मात्र चुलीतल्या चार काटक्यांपलीकडे कसले उत्सर्जन केले असेल?

आमच्या विद्यार्थिनीचा आकडा येथे आम्हांला पुन्हा आठवतो. अल्प उत्सर्जन हा जर 'तुम्ही आधी' म्हणण्याचा अधिकार देत असेल, तर तो अधिकार सर्वांत आधी मुळशीच्या मावळ्याचा होता. त्याने तो बजावलाही. आणि तेव्हा 'तुम्ही आधी' असे त्यालाच सांगितले गेले. सांगणारे परके राज्यकर्ते होतेच, पण आपलेही होते.

पुढच्या काळात हा पुढाकार टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर मुंबई फुगली आणि पाऊस तेवढाच राहिला. १९५६ साली तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, औष्णिक केंद्र सुरू झाले. १९६२ पासून कोयनेची वीज आली. तिनेही गावे उठवली. पण आता राज्य आपले होते, म्हणून त्या विस्थापनाला त्याग म्हणण्याची पद्धत पडली. टाटांच्या तिन्ही जलविद्युत केंद्रांची क्षमता आज ४४७ मेगावॅट आहे, आणि तीतही दीडशे मेगावॅटांचा पाणी उलट उपसून पुन्हा वापरणारा संच १९९०च्या दशकातला आहे. मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी चार हजार मेगावॅटांच्या पुढे गेली आहे. जी वीज एके काळी गिरण्या चालवू शकत होती ती आता संध्याकाळच्या गर्दीच्या तासांना हातभार लावते.

उपनगरांसाठी उपाय निघाला तो डहाणूत. १९९५च्या सुमारास तेथे पाचशे मेगावॅटांचे कोळशाचे केंद्र उभे राहिले. पश्चिम रेल्वेने जाणाऱ्याला डहाणू म्हणजे चिकू, खाडी आणि वारली पाडे. १९९१ साली केंद्र सरकारने हा सारा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केलेला होता. अंधेरी-बोरिवलीतल्या दिव्यांसाठी जाळायच्या कोळशाचा धूर सोडण्यास नेमकी हीच जागा निवडली गेली! स्थानिकांनी न्यायालयाची पायरी चढली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ साली मृत्यू येईपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. धुरातला गंधक काढून घेणारे यंत्र बसवा, असा प्राधिकरणाचा आदेश १९९९चा; ते यंत्र प्रत्यक्षात चालू झाले २००७ साली. ही मधली आठ वर्षे आम्ही अंधेरीत, त्याच विजेखाली, उत्तरपत्रिका तपासण्यात घालवली. डहाणूत काही वाद चालू आहे एवढे वर्तमानपत्रात वाचल्याचे आठवते. आपला त्याच्याशी काही संबंध आहे, असे वाटल्याचे आठवत नाही.

म्हणजे 'ते आधी' हा युक्तिवाद खोटा आहे काय? आम्हांला तसे म्हणायचे नाही. १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीहून एक छोटी पुस्तिका काढली आणि जगण्यासाठीचे उत्सर्जन व चैनीसाठीचे उत्सर्जन एका मापाने मोजू नका, असे श्रीमंत देशांना ठणकावले. तिसऱ्या जगाच्या भातशेतीतला वायू आणि अमेरिकन मोटारीतला धूर एका तागडीत घालणे हा अन्याय आहे, हे त्यांचे म्हणणे आजही तितकेच खरे आहे. पुढच्याच वर्षी रिओच्या परिषदेत जबाबदारी सामायिक पण भिन्न असल्याचे तत्त्व मान्य झाले, त्यामागे हीच भूमिका होती. मात्र ही तागडी देशाच्या सीमेवर येऊन थांबते. दोन टन ही सरासरी आहे. तीत चार खोल्यांत चार वातानुकूलन यंत्रे लावणारा लोखंडवालातला रहिवासी आहे आणि डहाणूच्या पाड्यावरची वारली म्हातारीही आहे. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आपण तिच्या गरिबीची ढाल पुढे करतो. तिच्या मागे उभा असतो तो लोखंडवाला. त्यात आम्ही दोघे प्राध्यापकही आलो. वेतन आयोगानंतर वातानुकूलन यंत्र आमच्याही घरी आले आहे.

आता दुसरा आक्षेप: एवढ्याशा देशाने पुढाकार घेऊन जगाला काय फरक पडणार? भारताला हा आक्षेप तसा लागू नाही. दरडोई आकडा लहान असला तरी वार्षिक एकूण उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच क्रमांक लागतो. पण जो खरोखर लहान आहे त्याचे उदाहरण घेऊ. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. जगाच्या उत्सर्जनातला वाटा हजारात एक. १९७३च्या तेलसंकटात हा देश पुरता अडचणीत आला, कारण त्याची जवळजवळ सारी ऊर्जा आयात तेलावर होती. येथेही सुरुवात पुण्यकर्माने झाली नाही, टंचाईने झाली. मग शेतकरी, सुतार, लोहार, शाळामास्तर पवनचक्क्यांच्या मागे लागले. त्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी १९७८ साली एक प्रचंड पवनचक्की स्वतः उभारली. ती दीर्घकाळ चालत राहिली. (शिक्षकांनी वादस्पर्धांच्या परीक्षणापलीकडेही काही करता येते, याचा हा पुरावा.) १९९१ साली विंडेबीला समुद्रातला जगातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला. डेन्मार्कने स्वतःचे उत्सर्जन शून्यावर आणले असते तरी पृथ्वीला ते कळलेही नसते. पण त्याने पवनचक्की बनवण्याची विद्या पक्की केली, आणि ती विद्या जगभर गेली. लहान देशाच्या पुढाकाराचे मोल त्याच्या स्वतःच्या धुरावरून मोजायचे नसते.

आम्हांला त्या कथेतला आणखी एक धागा मोलाचा वाटतो. डेन्मार्कमधल्या सुरुवातीच्या पवनचक्क्यांचा मोठा भाग गावकऱ्यांच्या सहकारी मंडळ्यांच्या मालकीचा होता. कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर २००० साली वीस पवनचक्क्यांची रांग उभी राहिली, तिच्यातल्या निम्म्या हिश्शाचे मालक आठ हजारांहून अधिक साधे भागधारक होते. ज्याच्या खिडकीतून ती पाती दिसणार त्याच्या खिशात तिचा भाग! मुळशीत नेमकी हीच गोष्ट नव्हती. कंपनीच्या भांडवलात संस्थानिक होते, शेटसावकार होते. ज्यांची खाचरे पाण्याखाली गेली त्यांना कोणी भागधारक व्हा म्हटले नाही.

सहकार हा शब्द महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करून दाखवला, तो या डॅनिश मंडळ्यांच्या कितीतरी आधी. विजेतही प्रयोग झाला होता. श्रीरामपूरकडे मुळा-प्रवरा ही वीज वितरणाची सहकारी संस्था चार दशके चालली. पण थकबाकी साठत गेली आणि २०११ साली तिचा परवाना संपुष्टात आला. म्हणून सहकार हा मंत्र म्हटला की सारे सुरळीत होते, असे मानण्याचा भाबडेपणा आम्ही करीत नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर १९९०च्या दशकाअखेर पवनचक्क्या फिरू लागल्या, तेव्हा तर सहकाराचे नावही निघाले नाही. यंत्रांच्या घसाऱ्यावर आयकरात मोठी सवलत होती. दूरच्या शहरांतल्या कंपन्यांनी कर वाचवण्यासाठी वारा विकत घेतला. वीज स्वच्छ होती, एवढे खरे.

आज चित्र पुन्हा पालटते आहे. अक्षय ऊर्जा आता कोळशाशी दरातही टक्कर देऊ लागली, आणि १९१५ सालचा तो जमाखर्च पुन्हा एकदा स्वच्छ ऊर्जेच्या बाजूला कलला. बिगरजीवाश्म स्रोतांची स्थापित क्षमता देशात निम्म्यावर पोचल्याचे सरकारने २०२५च्या जुलैत जाहीर केले. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. उपनगरांतल्या वीजपुरवठ्याचे नाव २००३ नंतर रिलायन्स झाले, २०१८ पासून अदानी झाले. जैसलमेरच्या वाळवंटातली ऊन-वाऱ्याची वीज अंधेरीत येऊ लागली. २०२१ पासून थोडा अधिक दर देऊन आपल्या नावची सारी वीज 'हरित' करून घेण्याची सोयही आहे. ही सोय चांगलीच आहे. बिलावर हिरवे पान येईल. जैसलमेरच्या त्या माळावर पूर्वी कोणाची गुरे चरत होती, हे बिलावर येणार नाही.

आणि सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. त्यावरचा उपाय पुन्हा सह्याद्रीत शोधला जातो आहे: दिवसा स्वस्त सौरविजेने पाणी वर चढवायचे, रात्री ते खाली सोडून वीज काढायची. २०२३च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासन आणि टाटा पॉवर यांच्यात अशा दोन प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. एक पुणे जिल्ह्यात शिरवट्याला, १८०० मेगावॅटांचा, दुसरा रायगडात भिवपुरीला, १००० मेगावॅटांचा. शिरवटा आणि भिवपुरी. शंभर वर्षांपूर्वीचीच नावे, तेच कडे, तोच पाऊस. तंत्र उत्तम आहे आणि गरजही खरी आहे. मुंबईला कोळशातून बाहेर पडायचे तर अशा साठवणुकीवाचून गत्यंतर दिसत नाही. हे प्रकल्प व्हावेत असेच आम्हांला वाटते. जमीन कोणाची, कसणारा कोण, भागधारक कोण, आणि नकार देण्याची मुभा कोणाला, हे प्रश्न या वेळी पायाभरणीच्या आधी विचारले जावेत असेही वाटते. आणि ते मावळातल्या माणसाने विचारण्याची वाट न पाहता अंधेरीतल्या माणसाने विचारले, तर त्याला आम्ही पुढाकार म्हणू.

यंदाच्या वादस्पर्धेचा विषय अजून ठरायचा आहे. तोच विषय पुन्हा ठेवावा, पण स्पर्धकांना आधी भुस्कुटे यांचे 'मुळशी सत्याग्रह' वाचायला द्यावे, अशी सूचना आम्ही केली आहे. ग्रंथालयात चौकशी केली, तर नोंदवहीत पुस्तक आहे आणि कपाटात नाही. कोणा वाचकाकडे प्रत असल्यास महिनाभरासाठी मिळावी, ही विनंती.